आधी कॅमेरा, मग कुदळ

कोकणात कुठलंही खोदकाम काढलं की पहिला प्रश्न एकच असतो: खाली काय लागणार? जांभा लागला तर वेळ जाईल पण काम होईल. काळा दगड लागला तर ब्रेकर मागवा, आणि नुसती भरावाची माती लागली तर कडा ढासळणार. पूर्णगडसारख्या गावात हा प्रश्न दर पंधरा पावलांवर नव्यानं विचारावा लागतो. समोर समुद्र, बाजूला मुचकुंदीची खाडी, वर जांभ्याची टेकडी आणि तिच्यावर छोटासा किल्ला. सपाट जागा म्हणावी तर रस्त्याच्या कडेची आणि खाडीकाठची, तीही घरं, विहिरी, माड आणि गडगे यांनी आधीच भरलेली.

आता अशा ठिकाणी जमिनीखालचा सांडपाण्याचा पाईप फुटला तर काय करायचं? उत्तर सगळ्यांना पाठ आहे. दोन गडी आणा, अंदाजानं खणा, फुटका भाग कापा, नवा तुकडा टाका, वर माती लोटा. शेकडो वर्षं नाही, पण निदान पाईप आल्यापासून तरी हेच चाललंय. आजचा विषय आहे याला असलेला दुसरा मार्ग. इंग्रजीत त्याला 'ट्रेंचलेस' म्हणतात. म्हणजे चर न खणता, पाईपच्या आत शिरून केलेली दुरुस्ती.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताणायला नको. ज्या जागेवर धंदा चालतो (लॉज, खानावळ, मंगल कार्यालय, कॅनिंगचा कारखाना, दवाखाना) तिथं पाईपच्या तक्रारीवर कुदळ हा पहिला उपाय असू नये. पहिला उपाय कॅमेरा. त्यानंतर बऱ्याच वेळा, सगळा हिशोब मांडला तर, न खणता केलेली दुरुस्तीच स्वस्त पडते. नेहमी पडत नाही. कधी पडत नाही तेही पुढे सांगतो. आणि या सगळ्यात पैशापेक्षा मोठी एक गोष्ट आहे, ती म्हणजे विहीर.

हे नक्की असतं काय?

यात मुख्य प्रकार तीन-चारच आहेत, बाकी सगळे त्यांचे भाऊबंद.

पहिला, आतून अस्तर लावणे. नमद्यासारख्या किंवा काचतंतूच्या कापडाची एक लांब पिशवी घेतात, म्हणजे दोन्ही तोंडं मोकळी असलेला पायमोजा समजा. ती चिकट राळेत (पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी) भिजवतात. मग ती चेंबरमधून जुन्या पाईपात पाण्याच्या किंवा हवेच्या दाबानं आत ढकलतात. ढकलताना ती उलटत जाते, मोजा आतून बाहेर काढतो तशी, त्यामुळे राळेची बाजू जुन्या पाईपाच्या भिंतीला चिकटते. नंतर गरम पाणी, वाफ किंवा अतिनील दिवा वापरून राळ कडक करतात. काही तासांत जुन्या पाईपाच्या पोटात नवा, बिनजोडाचा पाईप तयार! मध्येच जोडलेल्या बाथरूमच्या फाट्यांची तोंडं यात बुजतात, ती एक छोटा कटर आत पाठवून पुन्हा उघडतात. हे पहिल्यांदा केलं १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागात, एरिक वुड नावाच्या इंग्रज अभियंत्यानं. विटांचं जुनं गटार होतं ते. पुढे १९७७ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं.

दुसरा, पाईप फोडून बदलणे. जुन्या पाईपातून एक शंकूसारखं अवजार ओढत नेतात. ते जुना पाईप फोडून बाजूच्या मातीत दाबत जातं आणि त्याच्या शेपटीला बांधलेला नवा पाईप मागोमाग आत येतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये गॅसचे बिडाचे जुने पाईप बदलताना हे तंत्र विकसित झालं. याचा फायदा असा की त्याच वाटेनं थोडा मोठा पाईपही टाकता येतो.

तिसरा, आडवं ड्रिलिंग. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हायवेच्या कडेला एक तिरकं यंत्र उभं असतं, शेजारी मातकट पाण्याचा खड्डा असतो आणि रस्त्याच्या पलीकडे केबलची नळी बाहेर पडलेली असते. यंत्राचं टोक जमिनीखाली कुठे आहे ते वर चालणारा माणूस हातातल्या यंत्रावर बघत असतो. गंमत म्हणजे याचाही जन्म १९७१चाच. कॅलिफोर्नियात पाहारो नदीखालून मार्टिन चेरिंग्टननं पहिली अशी लाईन नेली. ही मात्र दुरुस्ती नाही, नवी लाईन टाकण्याची रीत आहे.

चौथा प्रकार छोटा, पण आपल्या कामाचा. पाईपात एकाच ठिकाणी तडा असेल तर पूर्ण अस्तर न लावता राळेत भिजवलेलं हातभर-दोन हात कापड एका फुग्यावर गुंडाळून नेमक्या जागी नेतात, फुगा फुगवतात, कडक होईपर्यंत थांबतात आणि फुगा काढून घेतात. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा पॅच. आख्खी सिस्टीम बंद न करता एक ओळ बदलायची.

या सगळ्यांच्या आधी येतो कॅमेरा. दांड्यावर किंवा चाकांवरचा छोटा कॅमेरा, पुढे दिवे, मागे केबल. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पाईप धुवायचा आणि मग कॅमेरा आत सोडायचा. किती मीटरवर तडा आहे, कुठे माडाची मुळं शिरलीयेत, कुठे जोड सरकलाय, कुठे पोट पडून पाणी साचतंय, सगळं पडद्यावर दिसतं.

कोकणची जमीन याबद्दल काय म्हणते?

जांभा हा फार लहरी दगड आहे. खाणीतून ताजा काढला की कुऱ्हाडीनं तासता येतो, हवा लागली की कडक होतो. याच गुणामुळे त्याचे चिरे होतात आणि आपली घरं उभी राहतात. (फ्रान्सिस बुकॅनननं १८०७ साली मलबारच्या वर्णनात या दगडाला 'लॅटेराइट' नाव दिलं ते 'वीट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच.) वरचा थर कडक, त्याखाली मऊ माती, आणि अंगात नळ्यांसारखी भोकं. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. पाणी थांबतच नाही, भोकांतून निघून जातं.

जे पावसाच्या पाण्याचं होतं तेच फुटक्या पाईपातल्या सांडपाण्याचं होतं. तेही थांबत नाही. काळ्या मातीत पाईप फुटला तर वर ओल दिसते, वास येतो, कुणीतरी बोंब मारतं. जांभ्यात फुटलेला पाईप वर्षानुवर्षं गपचूप गळत राहतो. वर काही दिसत नाही कारण खाली सगळं जिरतंय. मालकाला वाटतं आमची लाईन झकास चाललीये, कधी तुंबत नाही. तुंबत नाही हे खरं, पण कदाचित ती वाहतच नसेल!

चर खणायचा तर आणखी एक गोष्ट. जांभ्यात कापलेला चर पुन्हा पहिल्यासारखा भरत नाही. निघालेला दगड-खडी तशीच लोटतात, वर सिमेंट मारतात आणि पहिल्या पावसात तो पट्टा बसतो. रस्त्यावर नळाच्या लाईनचे चर पाहिलेत ना? २०१९मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं, गावोगाव नळ आले ही फार चांगली गोष्ट झाली, पण त्याबरोबर हे खचलेले पट्टेही आले. घराच्या अंगणात चालून जातं. गाड्या येणाऱ्या लॉजच्या दारात चालत नाही.

हिशोब मांडू

गावी एका ओळखीच्या लॉजवाल्या काकांशी यावर बोलणं झालं. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. "अरे, आमचा गवंडी चार दिवसांत खणून देतो. तुझी ती गाडी मुंबईहून येणार, तिचं भाडंच माझ्या पाईपापेक्षा जास्त. मोठ्या शहरांची थेरं रे ही."

काकांचा मुद्दा चुकीचा नाही, आणि म्हणूनच तो नीट तपासायला हवा. मीटरमागचा दर बघितला तर न खणता केलेलं काम साधारणपणे महागच असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण गवंड्याच्या बिलात काय काय नसतं ते बघा.

समजा आठ खोल्यांचा लॉज आहे, खाली खानावळ आहे. (हे आकडे केवळ हिशोबासाठी धरलेत, कुणाच्या वहीतले नाहीत.) मुख्य लाईन खानावळीच्या फरशीखालून जाऊन मागच्या सेप्टिक टाकीला मिळते, बहुतेक ठिकाणी अशीच असते कारण खानावळ नंतर वाढवलेली असते. फरशी फोडायची म्हणजे खानावळ बंद आणि संडास बंद म्हणजे खोल्या बंद. काम 'चार दिवसांचं', म्हणजे व्यवहारात दहा दिवस. खोलीचं भाडं दोन हजार धरलं तर आठ खोल्यांचे दहा दिवसांचे १,६०,००० रुपये. खानावळीत रोज चाळीस ताटं, दोनशे रुपयांचं ताट, दहा दिवसांचे ८०,०००. एकूण २,४०,०००. ही उलाढाल झाली, नफा नव्हे. रोज खोल्या भरत नाहीत, सामानाचा खर्चही वाचतो, म्हणून निम्मे करा. तरी १,२०,००० रुपये उरतात. यात नव्या फरशीचा खर्च धरलेला नाही, जुन्या फरशीचा रंग पुन्हा मिळत नाही म्हणून आख्खा हॉल बदलावा लागतो तो धरलेला नाही, आणि मे महिन्यात बुकिंग रद्द केलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी गणपतीपुळ्याला जातं तेही धरलेलं नाही.

उलट अस्तर किंवा पॅचचं काम एका-दोन दिवसांत उरकतं, काम दोन चेंबरच्या मधून होतं आणि फरशीला हात लागत नाही. म्हणजे तुलना करायची ती 'गवंड्याचं बिल विरुद्ध ट्रेंचलेसचं बिल' अशी नाही. 'गवंड्याचं बिल अधिक बंद दिवस अधिक फरशी अधिक पुढच्या वर्षीचं खचणं' हे एका पारड्यात आणि दुसरं बिल दुसऱ्या पारड्यात. आंब्याच्या कॅनिंगवाल्यांचं तर गणित आणखी कडक. त्यांचा सगळा धंदा एप्रिल ते जूनच्या आठवड्यांत. त्या दिवसांत धुण्याच्या पाण्याची लाईन बसली तर रोजचा माल सडतो. आंबा थांबत नाही.

म्हणून माझं उत्तर काकांना असं होतं: पाईप मागच्या मोकळ्या परड्यातून जात असेल, दोन-तीन फूटच खोल असेल, तर गवंडीच बरा. कशाला उगाच मोठी यंत्रं आणायची? पण फरशीखालून, भिंतीखालून, रस्त्याखालून किंवा माडांच्या रांगेतून जात असेल तर आधी पूर्ण हिशोब मांडा.

विहिरीचं काय?

आता ती पैशापेक्षा मोठी गोष्ट.

पूर्णगड, गावखडी, पावस हा सगळा पट्टा विहिरींवर जगलेला आहे. नळ आले तरी विहीर सुटलेली नाही, आणि लॉज-खानावळवाल्यांची तर नक्कीच नाही. जागा लहान, तिच्यात विहीर, तिच्यातच सेप्टिक टाकी, तिच्यातच शोषखड्डा. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर लांब हवा. ठीक आहे, काहींनी तो पाळलाही असेल. पण टाकीपर्यंत जाणारा पाईप जर विहिरीपासून पाच मीटरवरून जात असेल आणि तिथंच फुटला असेल, तर शोषखड्डा कितीही लांब ठेवून काय उपयोग? मैला टाकीत पोचण्याआधीच जमिनीत जातोय, आणि जमीन जांभ्याची. गाळून घेण्याचं काम माती करते, भोकं करत नाहीत.

खानावळीत येणाऱ्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी जुलाब लागले तर तो म्हणतो मासे बाधले. प्रत्येक वेळी मासेच असतील असं नाही.

हे तपासायला यंत्र लागत नाही. संडासात खाण्याचा नव्हे, गटारं तपासण्यासाठी मिळतो तो बिनविषारी रंग ओतायचा आणि पुढचे दोन-चार दिवस विहिरीवर लक्ष ठेवायचं. रंग दिसला तर प्रश्न मिटला, म्हणजे खरं तर सुरू झाला. नाही दिसला तरी पाण्याचा नमुना तपासून घ्यायचाच, कारण रंग पातळ होऊन डोळ्याला दिसत नाही पण जंतू असू शकतात. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते ते आवश्यकच आहे, पण रोज आत येणाऱ्या घाणीवर महिन्याची पावडर हा उपाय नव्हे. आधी भोक बुजवा.

आणि इथंच आतून लावलेलं अस्तर खणण्यापेक्षा सरस ठरतं, असं मला वाटतं. गवंडी एक तुकडा बदलतो, बाकीचे जुने जोड तसेच राहतात. चिनी मातीच्या जुन्या लाईनीला दर दोन-तीन फुटांवर जोड असतो आणि प्रत्येक जोड म्हणजे मुळांना आमंत्रण. अस्तराला मध्ये जोडच नसतो.

जिथं हे चालत नाही

कुठल्याही तंत्राची जाहिरात वाचताना मी आधी शेवटचा परिच्छेद शोधतो, जिथं 'हे कधी करू नये' लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तो नसतोच. म्हणून इथं देतो.

पाईप पूर्ण बसला असेल, म्हणजे आतून वाटच उरली नसेल, तर अस्तर जाणार कुठून? तिथं खणावंच लागतं, निदान तेवढ्या जागी.

पाईपाचा उतार चुकलेला असेल तर अस्तर तो सुधारत नाही. जुना पाईप वाकडा तर नवाही तसाच वाकडा. आपल्याकडच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मुळात उतारच नीट न देण्यात आहे, त्यामुळे हा मुद्दा लहान समजू नका. कॅमेऱ्यात पाणी साचलेलं दिसलं की समजायचं, हे काम कुदळीचं.

आडवं ड्रिलिंग नळाच्या पाण्याला आणि केबलला उत्तम, पण उतारावर वाहणाऱ्या सांडपाण्याच्या लाईनीला तितकं नेमकं नाही. शिवाय जांभ्याच्या पोकळ्यांत ड्रिलिंगचा चिखल भलतीकडेच निघून जाऊ शकतो. विहिरीजवळ असं काम निघालं तर दहा वेळा विचारा.

ओली राळ उन्हात तापली की वेळेआधीच घट्ट व्हायला लागते. त्यामुळे गरम पाण्यानं किंवा वाफेनं कडक होणारी भिजवलेली पिशवी थंड ठेवून आणावी लागते, मासळीच्या बर्फाच्या गाडीसारखी. मे महिन्यात मुंबईहून पूर्णगडपर्यंतचा प्रवास म्हणजे या मालाची परीक्षाच. जागेवर भिजवणारे किंवा अतिनील दिव्यानं कडक करणारे ठेकेदार मिळाले तर बरं. आणि काही राळांना कडक होताना उग्र वास येतो, तो बाथरूमच्या जाळीतून खोलीत शिरतो. त्या दिवशी खोल्यांत माणसं नकोत आणि खिडक्या उघड्या हव्यात. पिण्याच्या पाण्याच्या पाईपाला तर सांडपाण्याची राळ कधीच लावू नये, त्यासाठी वेगळा, प्रमाणित माल असतो.

मग गावात हे आणायचं कसं?

काकांचा खरा मुद्दा होता गाडीभाड्याचा. पंचवीस मीटरच्या पाईपासाठी मुंबई-पुण्याहून गाडी, यंत्र, चार माणसं आणायची तर एकट्याला परवडत नाही. मान्य. पण कोकणात एकट्यानं काय परवडतं? पालखीला, देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण वर्गणी काढतोच की. पावसपासून पुढे गावखडी, कशेळी, आडिवऱ्यापर्यंत सागरी महामार्गाच्या कडेला लॉज, खानावळी आणि आंब्याचे छोटे कारखाने वाढतायत. त्यातल्या दहा-बारा जणांनी एकाच आठवड्याची तारीख ठरवून एकाच ठेकेदाराला बोलावलं तर गाडीभाडं दहा ठिकाणी वाटलं जातं. आणि दहा लाईनी एकदम बघायला मिळतात म्हटल्यावर तोही दर कमी करतो.

त्याहून स्वस्त पहिली पायरी म्हणजे नुसता कॅमेरा. तो छोट्या गाडीतून येतो. इथं कोकणच्या ऋतूंचा फायदा करून घ्यायचा. कॅमेऱ्याची तपासणी ऑगस्टमध्ये करा, भर पावसात. जमीन पाण्यानं भरलेली असते, त्यामुळे जिथं तडा आहे तिथून बाहेरचं पाणी आत येताना चक्क दिसतं. उन्हाळ्यात तोच तडा कोरडा आणि निरुपद्रवी वाटतो. शिवाय पावसाळ्यात गिऱ्हाईकही कमी असतं (गणपतीचे दिवस सोडून). अस्तराचं काम मात्र फेब्रुवारीत करा. तेव्हा बाहेरून पाण्याचा दाब नसतो, राळ धुऊन जात नाही, ऊन चढलेलं नसतं आणि मेची गर्दी व आंबा दोन्ही लांब असतात.

ठेकेदाराला चार प्रश्न विचारायचे. एक, कामाआधीचं आणि कामानंतरचं चित्रीकरण मला देणार का? दोन, फाट्यांची तोंडं किती, आणि ती उघडल्याचं दाखवणार का? (एक जरी बुजलेलं राहिलं तर त्या खोलीचं बाथरूम उलटं भरतं.) तीन, राळ कुठली आणि किती वेळात कडक होणार? चार, हमी किती वर्षांची, आणि ती कागदावर आहे का? चांगल्या कामाची अस्तरं पन्नास वर्षं टिकावीत अशा हिशोबानं आखलेली असतात. त्यामुळे 'एक वर्षाची हमी' असं कुणी म्हणालं तर का, ते विचारा.

आणि त्या चित्रीकरणावरून एक नकाशा काढून घ्या. कागदावर, पेन्सिलीनं काढला तरी चालेल. पाईप कुठून जातो, किती खोल, चेंबर कुठे, फाटे कुठे. एक प्रत मालकाकडे, एक ग्रामपंचायतीत. आमच्या धंद्यात ज्या प्रोग्रामची कागदपत्रं नसतात त्याला हात लावायला कुणी धजावत नाही, कारण लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. गावातही तेच. पाईप कुठून गेलाय हे फक्त ज्या गवंड्याला माहीत असतं तो आता या जगात नसतो.

नकाशा नसला की काय होतं याचं मोठं उदाहरण ठाण्यात घडलं. मुंबईला पाणी नेणारा महापालिकेचा जलबोगदा जमिनीखाली खूप खोल आहे. २०२२च्या शेवटी वर कुणीतरी बोअरवेल खणली आणि ती थेट बोगद्यात घुसली. ३१ मार्च २०२३ पासून मुंबईला १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली, तेव्हा कुठे दुरुस्ती करता आली. एका बोअरवेलसाठी आख्ख्या शहराचं पाणी! त्याच महिन्यात, २२ मार्च २०२३ला, केंद्र सरकारनं खणण्याआधी खालच्या केबल-पाईपांच्या मालकांना कळवता यावं म्हणून 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. कल्पना चांगली आहे. पण ॲपला तेवढंच माहीत असणार जेवढं कुणीतरी नोंदवलंय. पूर्णगडच्या लॉजचा पाईप त्यात नाही, आणि नोंद मालकानंच ठेवायची आहे.

शेवटचं, आणि महत्त्वाचं

लाईन तुंबली की अजूनही पुष्कळ ठिकाणी एखाद्या माणसाला बोलावतात आणि त्याला चेंबरात किंवा सेप्टिक टाकीत उतरवतात. टाकीत साचलेला हायड्रोजन सल्फाइड कमी असताना सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण जास्त झाला की आधी वास घेण्याची शक्तीच मारतो. 'आता वास येत नाही, म्हणजे हवा साफ झाली' असं समजून उतरलेला माणूस वर येत नाही आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही येत नाही. दरवर्षी या बातम्या येतात.

२०१३च्या कायद्यानं गटारात किंवा सेप्टिक टाकीत असं धोकादायक कामाला माणूस लावणं हा गुन्हा आहे, आणि तो फक्त नगरपालिकेला लागू नाही, खाजगी मालकालाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. पण भरपाईचा विचार माणूस गेल्यावरचा. फवारा आणि कॅमेरा असले की बहुतेक वेळा कुणाला उतरावंच लागत नाही. उभं राहून, वरून, हातमोजे घालून काम होतं. मला विचाराल तर न खणता दुरुस्तीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि तो कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो.

मोठ्या शहरांची थेरं, असं काका म्हणाले होते. मुंबईत जुन्या मलवाहिन्यांना आतून अस्तर लावतात ते रस्ता खणला तर वाहतूक अडते म्हणून. पूर्णगडला वाहतूक अडायची तेवढी भीती नाही. पण आपल्याकडे विहीर आहे, जांभा आहे आणि वर्षातले कमाईचे मोजके दिवस आहेत. शहरापेक्षा आपल्याला याची गरज कमी आहे असं मला तरी वाटत नाही.

तर येत्या ऑगस्टमध्ये कुणी चार-पाच जण मिळून नुसता कॅमेरा तरी बोलवा. दुरुस्ती करायची की नाही, खणायचं की अस्तर लावायचं, ते नंतर ठरवता येईल. खाली काय चाललंय ते आधी बघून तर घेऊ.